प्रेमकादंबरीची संध्याकाळ: घरगुती वाचनबैठक कशी भरवाल?

‘आम्ही सात-आठ जणी मिळून एखादी जुनी प्रेमकादंबरी वाचायचं ठरवलंय, पण बैठकीत नेमकं करायचं काय?’ या धर्तीचे प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येतात. कुणाचं पुस्तकच ठरत नाही. कुणाच्या दोन-तीन बैठका होतात आणि मग तिची भिशी होऊन जाते. खाणं झकास, गप्पा झकास, पुस्तक मात्र पिशवीतून बाहेर येत नाही. प्रती कमी पडल्या तर झेरॉक्स काढलेल्या चालतात का, असंही अनेकजण विचारतात. आणि एक प्रश्न दबक्या आवाजात येतो: सासूबाई, मोठे दीर, शेजारचे काका समोर बसलेले असताना प्रेमाबद्दल बोलायचं तरी कसं?

या सगळ्या प्रश्नांना माझं एक ठाम उत्तर आहे. त्या संध्याकाळी पुस्तक मोठ्याने वाचलं गेलंच पाहिजे. तीन-चार उतारे सगळ्यांनी मिळून ऐकले, की बोलायला विषय शोधावा लागत नाही. ज्यांचं पुस्तक वाचून झालेलं नाही त्यांनाही बैठकीत जागा मिळते, आणि संकोचही बराचसा गळून पडतो, कारण बोलणं समोरच्या पानाविषयी असतं. खाली जे सांगितलं आहे ते सगळं या वाचनाला जागा करून देण्यासाठी आहे. उदाहरणाला मी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ घेतली आहे.

पुस्तक ठरवताना

पहिल्या बैठकीसाठी तीन गोष्टी बघा.

- पानं कमी असावीत. दोनशेच्या आत असली तर उत्तम. नोकरी, घर, मुलांच्या परीक्षा सांभाळून महिन्याभरात पुस्तक संपलं पाहिजे.
- प्रती मिळायला हव्यात. दुकानात किंवा वाचनालयात पुस्तक आहे याची खात्री झाल्याशिवाय नाव जाहीर करू नका.
- मतभेदाला जागा असावी. नायक चांगला, नायिका चांगली, नशीब वाईट एवढंच असलेल्या गोष्टीवर दहा मिनिटांत बोलणं संपतं. ज्या पात्राचा राग येतो आणि कीवही येते, असं एक तरी पात्र हवं.

‘रणांगण’ या तिन्हींत बसते. १९३९ साली आलेली ही बेडेकरांची एकमेव कादंबरी, आणि छोटीशी. बेडेकर सिनेमातले, पटकथा लिहिणं आणि दिग्दर्शन हा त्यांचा व्यवसाय, त्यामुळे प्रसंग डोळ्यांसमोर घडतात आणि वाक्यं आखूड असतात. मोठ्याने वाचायला असं गद्य फार सोयीचं पडतं. कथा एका बोटीवरची. युरोपातून मायदेशी निघालेला चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आधीच्या प्रेमात पोळलेला आणि स्त्रियांविषयी कडवट झालेला आहे. त्याच बोटीवर नाझी जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू निर्वासित आहेत आणि त्यांच्यात हॅर्टा आहे. दोघं प्रेमात पडतात. मुंबई हे त्याचं उतरण्याचं बंदर. तिला मात्र पुढे जायचं आहे. वियोगाची तारीख आधीच ठरलेली आणि हातात मोजके दिवस, अशी ही प्रेमकथा आहे.

दुसरं काही वाचायचं असेल तर हे पर्याय बघा:

- ‘परिणीता’ (१९१४), शरच्चंद्र चट्टोपाध्याय. छोटी आहे. लहानपणापासून शेजारी वाढलेली ललिता आणि शेखर, मध्ये पैसा आणि जात. मध्यमवर्गीय घरातला कोंडमारा मराठी वाचकाला चटकन ओळखीचा वाटतो.
- ‘राऊ’, ना. सं. इनामदार. बाजीराव-मस्तानीची ही कादंबरी जाडजूड आहे. घ्यायचीच असेल तर दोन बैठकांत विभागा आणि पहिल्या बैठकीत कुठपर्यंत यायचं ते आधी सांगून ठेवा.
- ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३), जेन ऑस्टिन. ६१ प्रकरणं आहेत, पण प्रकरणं लहान. पाच मुली, त्यांच्या लग्नाची घाई झालेली आई आणि मुलगा नसल्यामुळे दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणारी इस्टेट हा सगळा मामला आपल्याकडच्या बायकांना समजावून सांगावा लागत नाही. १९८५ साली दूरदर्शनवर लागणारी ‘तृष्णा’ ही मालिका याच कादंबरीवर बेतलेली होती. घरातल्या मोठ्यांना ती आठवत असेल.

एक सावधगिरी बाळगा. ‘परिणीता’, ‘राऊ’, ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या तिन्हींवर चित्रपट आहेत. अर्ध्या मंडळींनी पुस्तकाऐवजी सिनेमा बघितलेला असतो आणि चर्चा नटनट्यांवर जाते. म्हणून आमंत्रणातच सांगा की सिनेमाविषयी शेवटची दहा मिनिटं बोलू. सिनेमा एकत्र बघायचाच असेल तर त्याला वेगळी संध्याकाळ द्या.

प्रती मिळवताना: काय चालतं, काय नाही

आठ जणांना आठ प्रती लागत नाहीत. चार प्रतींत काम भागतं, फक्त क्रम लावून द्यावा लागतो: पहिल्या पंधरवड्यात चौघांनी वाचायचं, मग पुढच्या चौघांना द्यायचं. शक्यतो सगळ्यांनी एकाच आवृत्तीची प्रत घ्यावी. आवृत्ती बदलली की पानांचे आकडे बदलतात आणि ‘कुठलं पान? कुठलं पान?’ यातच रंग उडतो. आवृत्त्या वेगळ्या असतीलच, तर प्रकरण आणि परिच्छेदाची पहिली दोन-तीन अक्षरं सांगून जागा दाखवा.

तुमच्या गावातलं जुनं वाचनालय आधी गाठा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून. पणजीला कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. पण जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या साध्या वाचनालयांतही जुन्या मराठी कादंबऱ्या हमखास सापडतात. ग्रंथपालांना सरळ सांगा की आमची वाचनबैठक आहे, एकाच पुस्तकाच्या दोन-तीन प्रती महिनाभरासाठी हव्या आहेत. असं मागायला येणारा वाचक त्यांना हवाच असतो. पुस्तक ज्याच्या नावावर निघालं, त्याच्यावर ते परत करण्याची आणि हरवलं तर भरून देण्याची जबाबदारी असते. त्यामुळे कुणाच्या नावावर कुठली प्रत आहे हे लिहून ठेवा.

आता झेरॉक्स आणि पीडीएफबद्दल. भारतात लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर साठ वर्षं साहित्यकृतीवर कॉपीराइट असतो; ही साठ वर्षं निधनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. बैठकीपुरता त्याचा अर्थ असा:

- बेडेकरांचं निधन १९९८ साली झालं. ‘रणांगण’चे हक्क २०५८ अखेरपर्यंत आहेत. संपूर्ण पुस्तकाची झेरॉक्स काढणं किंवा स्कॅन करून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणं कायद्यात बसत नाही. पुस्तक लहान आहे, विकत घ्या.
- जेन ऑस्टिन १८१७ साली वारली. तिचं मूळ इंग्रजी पुस्तक सगळ्यांना खुलं आहे आणि ते फुकट उतरवून घेता येतं. मराठी भाषांतरावर मात्र भाषांतरकाराचा वेगळा हक्क असतो.
- शरच्चंद्र १९३८ साली गेले, म्हणून मूळ बंगाली खुलं. त्यांच्या कादंबऱ्या मराठीत आणणारे मामा वरेरकर १९६४ साली गेले, म्हणून त्यांची भाषांतरं २०२५ पासून खुली झाली. इतर भाषांतरकारांचा हिशेब ज्याचा त्याचा वेगळा.
- प्रसिद्ध पुस्तकातला वाजवी लांबीचा उतारा लोकांसमोर मोठ्याने वाचायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ ने मोकळीक दिली आहे. घरच्या बैठकीत दोन-तीन पानं वाचताना कसलीही धास्ती बाळगू नका.
- त्याच वाचनाचा व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकायचा असेल तर आधी प्रकाशकाला विचारा. आणि बैठकीतल्या माणसांनाही विचारा.

आमंत्रण कसं द्याल

सहा ते दहा माणसं पुरेत. त्याहून जास्त झाली की दोन कोंडाळी होतात. महिना-सव्वा महिना आधी निरोप द्या, आठवड्यापूर्वी आठवण करा. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन किंवा २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन गाठायचा मोह टाळलेला बरा. त्या दिवशी वाचणाऱ्या माणसांना चार ठिकाणी जायचं असतं. पावसाळ्यातला किंवा थंडीतला एखादा साधा शनिवार उत्तम.

निरोपात या गोष्टी स्पष्ट लिहा: पुस्तकाचं नाव आणि आवृत्ती, यायची वेळ, उठायची वेळ, खाण्यात काय असेल, मुलांना आणलं तर चालेल का. उठायची वेळ विशेष महत्त्वाची आहे. रात्री परतायचं असणाऱ्या बायकांना आणि मुलीला क्लासवरून आणायचं असणाऱ्या बापाला ती माहीत असली की ते निर्धास्त बसतात.

आणि हे एक वाक्य जरूर घाला: ‘पुस्तक पूर्ण झालं नसलं तरी या.’ ते नसलं की तीन माणसं शेवटच्या दिवशी ‘जरा बरं नाही’ म्हणतात. पण जोडीला हेही कळवा की चर्चेत शेवट सांगितला जाईल. ‘रणांगण’चा शेवट फार दुःखद आहे. गटात कुणाच्या घरी अलीकडे मृत्यू झाला असेल, तर पुस्तक हातात देण्याआधी त्यांना खासगीत तेवढी कल्पना द्या. ‘नंतर कधीतरी वाचेन’ असं त्यांनी म्हटलं तर तिथेच थांबा, आग्रह करू नका.

वाचनाची तयारी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आदल्या आठवड्यात पुस्तक पुन्हा चाळा आणि तीन किंवा चार उतारे निवडा. प्रत्येक उतारा चार-पाच मिनिटांचा. यापेक्षा लांबला की ऐकणाऱ्यांचं लक्ष खिडकीबाहेर जातं.

‘रणांगण’मधून निवडायचं तर मी असे घेईन. पहिला, सुरुवातीचा, ज्यात चक्रधरचा कडवटपणा दिसतो. कारण पुढे तो किती बदलतो, आणि खरंच बदलतो का, यावर सगळी चर्चा उभी राहते. दुसरा, बोटीवरच्या निर्वासितांचा: त्यांचं खाणं, त्यांची मुलं, त्यांची भीती. तिसरा, चक्रधर आणि हॅर्टा यांच्यातला एखादा संवाद, दोघांनी वाचायचा. चौथा ठरवूनच ठेवू नका. ‘ज्या पानावर तुम्ही थबकलात ते पान वाचा’ असं जमलेल्यांना सांगा आणि पंधरा मिनिटं मोकळी सोडा. बैठकीतला सगळ्यात जिवंत भाग बहुधा इथेच घडतो, कारण कुणी कुठे थबकलं यावरून ते माणूस आणि पुस्तक दोन्ही नव्याने कळतात.

वाचणारे आधी ठरवा आणि त्यांना आठवडाभर आधी उतारा कळवा. पुढच्या सूचना त्यांना द्या:

- घरी दोनदा मोठ्याने वाचून बघा. जोडाक्षरं, परदेशी नावं आणि आता वापरात नसलेले शब्द आधीच जिभेवर बसवा.
- अभिनय नको. नाटकी आवाज काढला की ऐकणारा वाचणाऱ्याकडे बघत राहतो आणि मजकूर निसटतो.
- नेहमीपेक्षा सावकाश वाचा. परिच्छेद संपला की श्वास घ्या.
- चष्मा आणा.

कुणाला वाचायला सांगावं? ज्यांचा आवाज घरात फारसा ऐकू येत नाही त्यांना. निवृत्त आजोबा, कॉलेजात शिकणारी पुतणी, चर्चेत कधीच तोंड न उघडणारी मैत्रीण. मत द्यायला घाबरणारं माणूस वाचायला तयार होतं, आणि एकदा स्वतःचा आवाज त्या खोलीत घुमला की पुढे बोलणंही जमतं. घरात देवनागरी न वाचता येणारी मुलं असतील, मग ती परदेशात वाढलेली असोत की इथेच इंग्रजी शाळेत गेलेली, तर त्यांना ऐकायला बसवा. छापील मराठी त्यांना अडवतं. ऐकलेलं मराठी त्यांना बऱ्याचदा कळतं.

एका सभासदाकडे पाच मिनिटांची पार्श्वभूमी सोपवा. ‘रणांगण’साठी ती हवीच, नाहीतर हॅर्टा त्या बोटीवर का आहे हेच नीट उमजत नाही. मुद्दे एवढेच पुरेत: ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ ला जर्मनीत ज्यूंची दुकानं फोडली गेली, प्रार्थनास्थळं जाळली गेली आणि देश सोडण्याची धडपड एकदम वाढली. बाहेर पडताना दहा मार्कांपलीकडे रोकड नेता येत नसे. बहुतेक देशांनी दारं लावून घेतली होती. शांघायला उतरायला मात्र व्हिसा लागत नव्हता, म्हणून हजारो ज्यू कुटुंबं इटलीच्या बंदरांतून सुएझमार्गे, मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग करत तिकडे गेली. शाळेतला जगाचा नकाशा भिंतीवर लावा आणि हा मार्ग पेन्सिलीने आखा. त्या काळी युरोपातून येणाऱ्या बोटी मुंबईत बॅलार्ड पिअरला लागत. दक्षिण मुंबईत रोज ये-जा करणाऱ्यांना ते ठिकाण माहीत असतं, पण एका कादंबरीतल्या दोन माणसांची ताटातूट जिथे होणार होती तो हा किनारा, असं त्याच्याकडे कुणी पाहिलेलं नसतं. नकाशा बघितल्यावर एक गोष्ट लख्ख होते: मुंबईला चक्रधरचा प्रवास संपतो, हॅर्टाचा निम्मासुद्धा झालेला नसतो.

चर्चा: प्रश्न कसे विचारावेत

‘आवडली का?’ हा प्रश्न विचारूच नका. ‘आवडली’, ‘मला तेवढी नाही’, संपलं. ‘लेखकाला काय संदेश द्यायचाय?’ हाही नको. त्याने सगळे पुन्हा शाळेच्या बाकावर जाऊन बसतात. चांगला प्रश्न तो, ज्याचं उत्तर द्यायला पुस्तक उघडावं लागतं. पाच-सहा प्रश्न कागदावर लिहून ठेवा. त्यातले दोन रंगले तरी संध्याकाळ सार्थकी लागली असं समजा.

‘रणांगण’साठी हे बघा:

- गोष्ट चक्रधर सांगतो. त्याच्या सांगण्यावर तुमचा कुठे विश्वास बसला आणि कुठे तो स्वतःला सांभाळून घेतोय असं वाटलं? ते पान दाखवा.
- हे दोघं जमिनीवर, एखाद्या शहरात भेटले असते आणि हाती वर्ष-दोन वर्षं असती, तर हे प्रेम झालं असतं का?
- हॅर्टाला घर उरलेलं नाही. चक्रधरला घर आहे, पण त्याचा देश पारतंत्र्यात आहे. एकमेकांचं दुःख त्यांना खरोखर कळतं का, की प्रत्येकजण आपलंच दुःख दुसऱ्यात बघतो?
- मुंबई जवळ येत असताना चक्रधरला आणखी काय करता आलं असतं? १९३९ सालातल्या त्याच्यासारख्या तरुणाला, आजच्या तुम्हाला नव्हे.
- बोटीवरचं एखादं दुय्यम पात्र तुमच्या लक्षात राहिलं का? त्याच्या नजरेतून हे दोघं कसे दिसत असतील?

चौथा प्रश्न शेवटासाठी ठेवा, त्यावर आवाज चढतात. चढू द्या. काहीजण चक्रधरला भित्रा म्हणतील, काहीजण त्याच्या अंगाने वाद घालतील. माझं मत विचाराल तर कादंबरीचं बळ इथेच आहे. बेडेकर त्याला दोषीही ठरवत नाहीत आणि सोडूनही देत नाहीत. यजमान म्हणून तुम्ही मात्र निकाल देऊ नका. तुमचं मत सगळ्यात शेवटी, मागितलं तर.

संकोचाचं काय?

प्रेमकादंबरीच्या बैठकीला एकाच घरातल्या दोन पिढ्या आल्या की हा प्रश्न पडतोच. काही नियम सुरुवातीलाच, उभं राहून, मोठ्याने सांगा:

- बोलणं पात्रांविषयी. कुणालाही स्वतःच्या लग्नाबद्दल किंवा जुन्या प्रेमाबद्दल विचारायचं नाही. कुणी आपणहून सांगितलं तर ऐकायचं, खोदायचं नाही.
- खोलीतलं खोलीत. इथे कुणी काय बोललं ते सोसायटीच्या ग्रुपवर किंवा नातेवाइकांत जाणार नाही.
- जोडीदाराची थट्टा नको. ‘हिला विचारा, हिचाही एक चक्रधर होता’ अशी वाक्यं हसण्यावारी जातात, पण ती व्यक्ती पुढच्या वेळी येत नाही.
- ‘पास’ म्हणायची मुभा. कुठल्याही प्रश्नावर गप्प राहता येईल आणि कारण सांगावं लागणार नाही.

हे पाळलं तर गंमत अशी होते की सगळ्यात मोकळं बोलतात ती साठी ओलांडलेली माणसं. त्यांनी या कादंबऱ्या तरुणपणी, कधी चोरून, कधी वाचनालयाच्या ओट्यावर बसून वाचलेल्या असतात. त्यांना ‘तेव्हा वाचताना काय वाटलं होतं, आणि आता?’ एवढंच विचारा. सुनेला सासूबाईंचं एक अनोळखी रूप अशा वेळी दिसतं, आणि ते बघायला मिळणं ही बैठकीची फार मोठी कमाई आहे.

नेहमी येणाऱ्या अडचणी

- एकच माणूस बोलत राहतो. त्यांचं वाक्य संपताच दुसऱ्याचं नाव घेऊन विचारा: ‘वहिनी, तुम्ही या पानावर खूण केली होती ना?’ नाव घेतल्याशिवाय साखळी तुटत नाही.
- कुणीच बोलत नाही. घाई करून स्वतः बोलू नका. थोडा वेळ शांतता राहू द्या. मग दुसरा उतारा वाचायला सांगा.
- चर्चा आजच्या राजकारणाकडे वळते. ‘रणांगण’च्या बाबतीत हे होणारच. ज्यू, जर्मनी, निर्वासित हे शब्द निघाले की आजच्या बातम्या ओघाने येतात. पाच-दहा मिनिटं बोलू द्या, मग ‘आता बोटीवर परत येऊ’ म्हणून पुढचा उतारा काढा.
- एकाने फक्त गोष्टीचा सारांश वाचलाय. हरकत नाही. त्यांना वाचनाची पाळी द्या. बैठकीनंतर ते घरी जाऊन पुस्तक वाचतील याची शक्यता बरीच आहे.
- एखाद्याला पुस्तक आवडलंच नाही. त्यांना आधी बोलू द्या. नावडण्याची नेमकी कारणं ही चर्चेची उत्तम सुरुवात असते.

खाणं

इथे मला यजमान बाईंशी बोलायचं आहे, कारण बैठक बहुतेक वेळा त्यांच्या स्वयंपाकघरापाशी अडते. पाहुणे पुस्तकाबद्दल बोलत असतात आणि ज्यांनी बैठक बोलावली त्या गरम भजी तळत आत उभ्या. तेव्हा ठरवून टाका: त्या संध्याकाळी ऐनवेळी करावा लागणारा एकही पदार्थ नाही. भजी नाहीत, थालीपीठं नाहीत, ‘गरमागरम पोहे टाकते’ हेही नाही.

सुरुवातीला चहा-कॉफी थर्मासमध्ये भरून ठेवा, ज्याने त्याने ओतून घ्यावी. जोडीला कोरडं काहीतरी: भडंग, चिवडा, खारे दाणे, शंकरपाळे. चिवड्याच्या वाटीत चमचे ठेवा, पुस्तकं वाचनालयाची आहेत आणि तेलाचं बोट पानावरून जात नाही. चर्चा संपल्यावर जेवण, तेही एका भांड्यातलं. मसालेभात आणि टोमॅटोचं सार, किंवा पावटा-मटारची उसळ आणि पाव. दुपारी करून ठेवा, पाहुण्यांनी वाढून घ्यावं, ताटं उचलायला दोघांची नावं आधीच सांगून ठेवा. ‘कादंबरी बोटीवरची, म्हणून जर्मन केक आणि इटालियन पास्ता’ असा बेत कुणी सुचवेल. हौस असेल तर करा, पण ती हौस दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने पुरी होऊ द्या.

खर्चाचं बोलणं पहिल्याच बैठकीत उरकून घ्या. फिरती घरं आणि ज्याचं घर त्याचं खाणं, किंवा दरवेळी दोघांनी एकेक पदार्थ आणायचा, यातलं काहीही चालेल. मनात ठेवून बसलं की तिसऱ्या बैठकीला कुरबुर होते.

जागा, उजेड, वेळ

सतरंजी, लोड, तक्के चांगले; पण गुडघेदुखीवाल्यांसाठी दोन-तीन खुर्च्या ठेवा आणि त्या गोलातच ठेवा, मागे नको. मंद पिवळा दिवा दिसायला छान असतो, मात्र त्यात साठीच्या माणसाला अक्षर दिसत नाही. वाचणाऱ्याच्या जागी एक चांगला दिवा हवाच. मेणबत्त्या, पुस्तकं आणि ओढण्या एका खोलीत नकोत. टीव्ही बंद, फोन एका टोपलीत. गच्चीवर बसणार असाल आणि माइक लावणार असाल, तर उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला बंदी असते हे लक्षात असू द्या. दहा माणसांना माइकची गरजही नसते.

वेळेची आखणी साधारण अशी ठेवा:

- ६.३० ते ७: येणं, चहा, नकाशा
- ७ ते ७.४५: पार्श्वभूमी आणि ठरलेले उतारे
- ७.४५ ते ८.४५: चर्चा आणि आपापली पानं
- ८.४५ ते ९.३०: जेवण

गटातले काहीजण परगावी किंवा परदेशी असतील तर त्यांच्यासाठी वेगळी ऑनलाइन बैठक घ्या. निम्मे खोलीत आणि निम्मे पडद्यावर असले की पडद्यावरचे उपाशी राहतात. ऑनलाइन एक तास पुरे. तिथेही दोन उतारे मोठ्याने वाचाच. भारतातली सकाळ आणि अमेरिकेतली आदली संध्याकाळ जुळते, तेव्हा रविवारी सकाळी इकडच्यांनी चहा घेऊन बसावं.

उठण्याआधी तीन कामं

जेवण चालू असतानाच पुढचं घर आणि पुढची तारीख ठरवा. नंतर फोनवर ठरवू म्हटलं की महिना निघून जातो. पुढच्या पुस्तकासाठी दोन नावं काढा आणि हात वर करून एक निवडा. लागोपाठ दोन दुःखान्त कथा नकोत, ‘रणांगण’नंतर ऑस्टिन घेतलीत तर मंडळींना बरं वाटेल. आणि वाचनालयाच्या प्रती तिथेच गोळा करून, यादीशी ताडून, ज्यांना सोमवारी वाचनालयावरून जायचं आहे त्यांच्या पिशवीत टाका.